वारशाने आलेला विश्वास: भाचीस पत्र

चि. ताईस,


तुझे पत्र पावले. दृढीकरणाच्या वर्गात तू विचारलेल्या प्रश्नांनी पाळकसाहेब नाराज झाले आणि घरी तुझ्या आईने डोळ्यांना पदर लावला, हे वाचून मला चिंता वाटली नाही. जो विश्वास जन्माबरोबर पदरात पडला तो माझा कसा म्हणावा, असे तू विचारतेस. बिरुयातील लोकांनी प्रत्यक्ष पौलाचे म्हणणे रोज शास्त्राशी ताडून पाहिले आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्याबद्दल त्यांची थोरवीच गायिली आहे. तेव्हा प्रश्न विचारल्याबद्दल तू कोणाची क्षमा मागण्याचे कारण नाही.

वडिलोपार्जित जमीन वारसाच्या नावावर चढते तेव्हा तिच्यावरचा बोजाही बरोबर येतो, म्हणून शहाणा वारस कबजा घेण्यापूर्वी दस्तऐवज वाचून घेतो. विश्वासाच्या वारशाचेही तसेच आहे. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हाच पूर्वीचे सारे गळून पडले, अशी आपल्या घराची समजूत आहे. परंतु तुझ्या धाकट्या भावाच्या पाळण्यात उशाखाली पवित्र शास्त्र आणि त्याला लागून लोखंडी अडकित्ता ठेवलेला मी पाहिला आहे, आणि ठेवणारीच्या मनात दोहोंकडे काम एकच होते: बाळाला दृष्ट लागू नये. शास्त्र वाचून मनातले भय जावे हे राहिलेच. भय जागच्या जागी राहिले आणि ताईत तेवढा बदलला. याहून जड बोजा सोयरिकीच्या वेळी दिसतो. उपासनेला सारे एका मंदिरात बसतात, प्रभुभोजनाला एकत्र येतात, आणि मुलगी द्यायची वेळ आली की ‘मूळचे कोण?’ ही चौकशी हलक्या आवाजात सुरू होते. ख्रिस्ताच्या मंडळीत या चौकशीला जागा नाही, असे मी तुला निःसंदिग्धपणे सांगतो.

वारसा तपासून घेण्याबद्दल पंडिता रमाबाईंचा दाखला जरा विस्ताराने देतो, कारण त्यांच्या बाप्तिस्म्याची हकीकत पुष्कळांना ठाऊक असते, पण त्यापुढची आठ वर्षे सहसा कोणी सांगत नाही. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही कन्या पुराणे मुखोद्गत करून आईबापांबरोबर तीर्थोतीर्थी हिंडली. व्रते, दाने, उपवास यथाशास्त्र पार पडूनही दुष्काळात आईबाप गेले. तरी रागाच्या भरात काही टाकून न देता रमाबाईंनी कलकत्त्यास धर्मशास्त्रांचा कसून अभ्यास केला, आणि एरवी परस्परांशी न जुळणारे ग्रंथ स्त्रियांना व शूद्रांना मोक्षाचा अधिकार नाकारण्यात मात्र एकमत आहेत, असे त्यांना आढळून आले. पुढे इंग्लंडात, समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची शुश्रूषा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी पाहून ही दया यांना कोठून आली असे त्यांनी विचारले, तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखविण्यात आली. १८८३ साली वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु ज्या भगिनींनी आश्रय दिला त्यांच्याशीही, चर्चची मते निमूटपणे मान्य करण्याच्या आग्रहावरून, त्यांनी पत्रांतून वाद मांडला. एका पुरोहितवर्गाचा अंमल महत्प्रयासाने झुगारल्यावर दुसऱ्याचा पत्करण्यास त्या राजी नव्हत्या. आणि एवढे होऊनही, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांनी ओळखले की आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला आहे, ख्रिस्त अजून लाभायचा आहे. इतके पारखून, इतकी लोकनिंदा सोसून आलेल्या बाईंची ही अवस्था, तर पाळण्यातच मंडळीच्या नोंदवहीत नाव चढलेल्या तुझ्या-माझ्यासारख्यांनी निर्धास्त राहावे काय?

जे शेवटी त्यांना लाभले त्याने त्यांचे हात मोकळे केले. आपल्या तारणाची काळजी प्रभूवर टाकलेली ही बाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात शिरली आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुलींची आई झाली. केडगावचे मुक्तिसदन त्यांतूनच उभे राहिले. स्वातंत्र्य म्हणून मी ज्याची तुझ्यासाठी प्रार्थना करतो ते हे. मन मानेल तसे वागण्याची मुभा मिळावी म्हणून कोणी धर्माची तपासणी करीत असेल, तर त्याला माझा सल्ला उपयोगी पडणार नाही.

वारशातले सगळेच टाकाऊ असते असेही समजू नकोस. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग सोडला नाही. त्याच अभंगात त्यांनी ख्रिस्ताला आळविले. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई तर नवऱ्यामागोमाग लगेच गेल्या नाहीत. देवाने जाती केल्या नाहीत हे स्वतःच्या मनाला पटल्यावर, सुमारे पाच वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तोवर टिळक थांबले.

तेव्हा दृढीकरण यंदा न झाले तरी हरकत नाही. पाळकसाहेबांना मी स्वतंत्र पत्र लिहितो. तपासणीला मात्र आईच्या श्रद्धेपासून आरंभ करू नकोस, स्वतःच्या भयापासून कर: कशाच्या धाकाने तू प्रार्थना करतेस, कोणाच्या हातचे खाताना तुझे मन अजून आक्रसते, हे आधी पाहा. शोमरोनी स्त्रीची ती कथा, योहानाचा चौथा अध्याय, एकटीने, सावकाश वाच आणि त्यातले काय पटले, काय पटले नाही ते मला मोकळेपणाने कळव. नाताळात मी येईन, तेव्हा आईशीही बोलेन.

तुझा,
मामा