चित्राचे रसग्रहण : विशेषणांकडून क्रियापदांकडे



कवितेच्या रसग्रहणाचा परिचय तुम्हांस मागील घटकांत झाला आहे. प्रस्तुत घटकात चित्राविषयी लिहिण्याची भाषा पाहू. ‘मनमोहक रंगसंगती’, ‘अप्रतिम कलाविष्कार’ अशी वाक्ये उत्तरपत्रिकांत वारंवार भेटतात. ती कोणत्याही चित्राला लागू पडतात, म्हणजेच समोरच्या चित्राविषयी काहीच सांगत नाहीत.

उदाहरणादाखल नागपूरशी संबंध असलेले दोन चित्रकार घेऊ. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपुरात झाला. सय्यद हैदर रझा यांनी १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या कलाविद्यालयात शिक्षण घेतले. पुढे दोघेही मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी जोडले गेले. दोघांच्याही उत्तरकालीन चित्रांना सर्रास ‘अमूर्त’ म्हटले जाते. हा शब्द येथे फारसा उपयोगी नाही, असे माझे मत आहे.

‘अमूर्त’मधील ‘अ’ हा उपसर्ग काय नाही ते सांगतो. काय आहे ते सांगत नाही. स्वतः गायतोंडे यांना आपल्या चित्रांसाठी ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्ट’ ही संज्ञा मान्य नव्हती. ते ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. मराठीत त्यासाठी ‘वस्तुनिरपेक्ष’ हा शब्द आहे. यातही नकार आहेच, पण अर्थ वेगळा. अमूर्त चित्रात एखादी वस्तू होती व तिचे रूप पुसले, अशी कल्पना करता येते. वस्तुनिरपेक्ष चित्राला आरंभापासूनच वस्तूची अपेक्षा नसते.

आता विशेषणे बाजूला ठेवून विचारा : चित्रकाराने येथे काय केले आहे? रझा यांच्या ‘बिंदू’ मालिकेतील चित्रांत उत्तर सहज मिळते. त्यांनी काळे वर्तुळ स्थापिले आहे, त्याभोवती वलये, त्रिकोण, पट्टे आखले आहेत, रंगांचे प्रदेश वाटून दिले आहेत. ते चित्रांना नावे देतात. १९८१ च्या ‘माँ’ या चित्रावर तर देवनागरीत हिंदी काव्यपंक्तीच लिहिलेली आहे. बालपणी चंचल मन स्थिर व्हावे म्हणून शिक्षकांनी भिंतीवरील ठिपक्याकडे पाहत बसविल्याची आठवण रझा सांगत असत. येथे चरित्र चित्राच्या वाचनास साहाय्य करते.

गायतोंडे यांच्याकडे वळताच क्रियापदे बदलतात. त्यांनी रंग रोलरने पसरला, पॅलेट नाइफने खरवडला, त्यावर पुन्हा थर दिला, पुन्हा काढला. त्यामुळे उजेड चित्रावर पडलेला नसून आतून झिरपत आहे असे वाटते. मध्येच काही खुणा तरंगतात. त्या अक्षरांसारख्या दिसतात. भाषेच्या अभ्यासकाला त्या वाचण्याचा मोह होतो, तो आवरावा. चित्रांना बहुधा शीर्षक नसते. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले; त्याच्या शीर्षकातही ‘प्रक्रिया’ हाच शब्द होता. मात्र ‘नागपूरच्या मातीचा संस्कार’ असे वाक्य येथे लिहू नका. गायतोंडे यांचे कुटुंब मूळचे गोव्याचे, आणि त्यांची कलासाधना घडली मुंबई-दिल्लीत. जन्मगाव ही चरित्रातील नोंद आहे. तिच्यावरून शैली सिद्ध होत नाही.

म्हणजे एकाने आखले व दुसऱ्याने खरवडले. एवढे दोन धातू हाती आले की पुढचे प्रश्न आपोआप उभे राहतात : आखलेल्या चित्रात नजर कोठे थांबते? खरवडलेल्या चित्रात ती का थांबत नाही? विशेषण वापरायचेच असेल, तर ते या उत्तरांनंतर वापरावे.

स्वाध्याय : नागपूर परिसरातील विद्यार्थ्यांनी मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे १८६३ साली स्थापन झालेल्या आपल्या ‘अजब बंगल्या’त जाऊन एक शिल्प निवडावे; इतरांनी गावातील मंदिरावरील एखादे शिल्प वा भिंतीवरील चित्र घ्यावे. दहा मिनिटे काहीही न लिहिता पाहावे. त्यानंतर कलावंताच्या हाताने काय केले असावे हे सांगणारी आठ वाक्ये लिहावीत. ‘सुंदर’ हा शब्द व त्याचे समानार्थी शब्द टाळावेत.