ग्रीक विचारवंत, तथागत आणि बाबासाहेब : चांगले जीवन व न्यायी शासन

माणसाने कसे जगावे आणि राज्य कसे चालवावे, हे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत, ही प्राचीन ग्रीक विचारवंतांची मुख्य शिकवण होय. अन्यायी राज्यात चांगले जगणे कठीण होते आणि चांगले जगण्याची सवय नसलेल्या माणसांच्या हातून न्यायी राज्य चालत नाही. सॉक्रेटिस, प्लेटो, ॲरिस्टॉटल ही नावे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो आणि परीक्षेनंतर विसरतो. परंतु आपल्या ठाणे-कल्याण परिसराचा ग्रीकांशी प्रत्यक्ष संबंध आला होता आणि संविधान सभेत बाबासाहेबांनी ग्रीक इतिहासाच्या अभ्यासाचा आधार घेतला होता. म्हणून हा विषय आपल्याला परका नाही.

कल्याण बंदर आणि यवन

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात सोपारा आणि कल्याण या बंदरांची नोंद आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आहेत. ग्रीक व पश्चिमेकडून आलेल्या इतर लोकांना आपल्याकडे ‘यवन’ म्हणत. पाली भाषेत ‘योन’. कार्ल्याच्या चैत्यगृहातील कित्येक स्तंभ यवनांच्या दानातून उभे राहिले. जुन्नरच्या लेण्यांत एका यवनाने पाण्याच्या टाक्यांचे, तर दुसऱ्याने भोजनमंडपाचे दान दिल्याची नोंद आहे.

महावंस या पाली ग्रंथानुसार सम्राट अशोकाच्या काळी अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, धम्मप्रसारासाठी पाठविलेल्या थेरांचे नाव योन धम्मरक्खित असे होते. ज्यांना पुढे धर्मशास्त्रांनी म्लेच्छ ठरविले, त्यांच्यापैकी एक जण येथे शिक्षक म्हणून आला. संघाने त्याचा वंश अडसर मानला नाही.

प्रश्न विचारण्याचा अधिकार

अथेन्सच्या बाजारात उभे राहून सॉक्रेटिस लोकांना प्रश्न विचारी. न्याय म्हणजे काय? धैर्य म्हणजे काय? स्वतःच्या जीवनाची तपासणी न करता जगणे त्याला माणसाला शोभणारे वाटत नव्हते. इ.स.पू. ३९९ मध्ये अथेन्सच्या नागरिकांनीच बहुमताने त्याला दोषी ठरविले आणि विष प्यायला लावले. लोकशाहीतही बहुमत अन्याय करू शकते, हा धडा जगाला तेथे मिळाला.

याच्या शेजारी ‘मिलिंदपञ्ह’ ठेवून पाहावा. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. त्याने भन्ते नागसेनांशी चर्चा करण्याची इच्छा दाखविली, तेव्हा नागसेनांनी अट घातली : चर्चा पंडितांच्या रीतीने होणार असेल तर करू, राजांच्या रीतीने नाही. पंडित चूक दाखविली तर ती मान्य करतात, रागावत नाहीत. राजे मात्र विरोध करणाऱ्याला शिक्षा देतात. मिलिंदाने अट मान्य केली. औरंगाबादच्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी ‘मिलिंद’ आणि परिसराला ‘नागसेनवन’ हे नाव दिले, त्यामागचा अर्थ येथे उलगडतो. सत्ताधाऱ्याने प्रश्न ऐकून घ्यावेत आणि विद्वानाने निर्भयपणे उत्तर द्यावे, हीच न्यायी शासनाची पहिली पायरी होय.

न्याय म्हणजे ‘आपापली जागा’ काय?

प्लेटोने आदर्श राज्यात तीन वर्ग कल्पिले : शासन करणारे तत्त्वज्ञ, रक्षण करणारे सैनिक आणि उत्पादन करणारे श्रमिक. प्रत्येकाने आपले नेमलेले काम करावे, यालाच त्याने न्याय म्हटले. कनिष्ठ वर्गात जन्मलेले गुणी मूल वर जाऊ शकते, स्त्रियाही शासक होऊ शकतात, हेही त्याने मान्य केले, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तरीही १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या प्रबंधात बाबासाहेबांनी चातुर्वर्ण्य आणि प्लेटोची ही कल्पना यांच्यातील साम्य दाखविले व दोन्ही नाकारली. प्रत्येक माणूस स्वतंत्र व एकमेव असतो. माणसांना तीन-चार कप्प्यांत कोंबता येत नाही, हा त्यांचा आक्षेप होता.

ॲरिस्टॉटल याहून पुढे गेला. काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात, असे त्याने लिहिले. त्याच्या आधीच्या काळातील तथागतांचा युक्तिवाद मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्तात येतो. चार वर्ण निसर्गसिद्ध आहेत असे म्हणणाऱ्या तरुण ब्राह्मणाला ते योन देशाचे उदाहरण देतात : तेथे मालक व दास असे दोनच वर्ग आहेत, मालकाचा दास होतो, दासाचा मालक होतो. मग चार वर्ण निसर्गाने नेमले, हे कसे मानायचे?

सोपारा पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. तेथे १८८२ साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला आणि १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा. नवव्या लेखात अशोक सांगतो की आजारपण, विवाह, प्रवास यांसाठी लोक नाना विधी करतात, पण त्यांचे फळ अल्प असते. खरा मंगलविधी म्हणजे दास व सेवकांशी योग्य वर्तन, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम. अशोकाने दासप्रथा नष्ट केली नाही. परंतु ज्यांना ॲरिस्टॉटलने सजीव अवजार म्हटले, त्यांच्याशी कसे वागावे यावरून अशोकाने धम्म मोजला.

सवय आणि संवैधानिक नीती

ॲरिस्टॉटलचे सर्वच त्याज्य नाही. वीणा वाजवून माणूस वादक होतो, तसाच न्यायी कृती करीत राहून न्यायी होतो, हे त्याचे म्हणणे मोलाचे आहे. सद्गुण जन्माने मिळत नाही, सरावाने मिळतो. असे मानले की जन्मश्रेष्ठत्वाचा पायाच ढासळतो. ॲरिस्टॉटलच्या स्वतःच्या गुलामीच्या सिद्धान्तालाही त्यातून उत्तर मिळते.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी ग्रीसचा इतिहासकार जॉर्ज ग्रोट याचा हवाला देऊन ‘संवैधानिक नीती’ ही संकल्पना मांडली. ग्रोटने ती अथेन्सच्या लोकशाहीचा अभ्यास करताना विशद केली होती. कायद्याच्या चौकटीत काम करणाऱ्या अधिकाराचा मान राखणे, त्याच वेळी त्या अधिकाऱ्यांवर मोकळी टीका करणे आणि आपल्या विरोधकालाही संविधान तितकेच पवित्र आहे असा विश्वास बाळगणे, असा तिचा आशय आहे. ही नीती माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते, हे बाबासाहेबांनी बजावले.

ती जोपासण्याचे ठिकाण म्हणजे शाळा आणि वसतिगृह. एका पंगतीत जेवणे, पाळीपाळीने वाढणे व झाडणे, वर्गप्रतिनिधीची निवड, पंचशीलाचे नित्य ग्रहण, हे सर्व त्या सरावाचे धडे होत. माजी विद्यार्थ्यांची खरी परीक्षा मात्र बाहेर आहे. कल्याण-डोंबिवलीच्या गृहनिर्माण संस्थेत पदाधिकारी झाल्यावर विरोधी मत मांडणाऱ्या सभासदाला आपण बोलू देतो का? कार्यालयात खुर्ची मिळाल्यावर टेबलापलीकडच्या गरीब माणसाला बसायला सांगतो का? घरी काम करणाऱ्या ताईंना आजारपणाची रजा पगारासह देतो का? मुलीच्या प्रश्नाला उत्तर देतो, की तिला गप्प बसवितो?

अडनाव ऐकून घर नाकारले जाण्याचे दुःख आपल्या समाजाने भोगले आहे. म्हणूनच आपल्या हाती थोडीशी सत्ता आली असता दुसऱ्याला त्याची ‘जागा’ दाखविण्याचा मोह टाळणे, ही आपली विशेष जबाबदारी आहे. न्यायी शासनाची सुरुवात दिल्लीत किंवा मंत्रालयात होण्याआधी, जेथे आपला शब्द चालतो तेथे होते. पालकांनी हे प्रश्न आज रात्री जेवताना मुलांसमोर मांडावेत आणि उत्तर देताना चर्चा पंडितांच्या रीतीने करावी.