‘घ्या’ लिहिण्याआधी

पुणे

चि. ऋचास,

रुग्णांसाठीच्या माहितीपुस्तिकेचं तुझं भाषांतर दोनदा वाचलं. वाक्यं सुटसुटीत आहेत, औषधांची नावं नीट तपासलेली दिसतात. अडलंय ते एका साध्या क्रियापदापाशी. इंग्रजीत जिथे जिथे ‘टेक’ आलं, तिथे तिथे तू ‘घेणे’ बसवलंस. ‘गोळी घ्या’ बरोबरच आहे. पण ‘बाळाचं तापमान घ्या’, ‘जखम भरायला दोन आठवडे घेईल’, ‘छातीचा एक्स-रे घेतला जाईल’, ‘काही दिवस जिना घेऊ नका’ ही मराठी कुणाच्या घरात बोलतात? आपण ताप मोजतो. जखम भरायला दोन आठवडे लागतात. एक्स-रे काढतात. आणि टाके ओले असताना जिना चढायचा-उतरायचा नसतो. ही पुस्तिका वाचणारी बाई नुकतीच दवाखान्यातून घरी आलेली असणार. मनातल्या मनात इंग्रजी वाक्य जुळवून मग अर्थ लावायचं काम तिच्यावर टाकू नकोस.

इंग्रजीत हे क्रियापद सगळीकडे धावून येतं, म्हणून त्याला एकच एक अर्थ असेल असं वाटतं. त्याचा इतिहास बघ. हा शब्द मुळात इंग्रजीचा नाही. इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात वस्ती करून राहिलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या ‘टाका’ या क्रियापदापासून तो आला. त्याआधी इंग्रजीत ‘निमान’ होतं. जर्मनमधलं ‘नेमेन’ त्याचंच भावंड. पाहुण्या शब्दाने हळूहळू घरच्याला बाहेर काढलं आणि त्याची सगळी कामं अंगावर घेतली, वर आणखी नवी मिळवली. जुन्या क्रियापदाची खूण आता ‘नंब’ म्हणजे बधिर या शब्दात उरली आहे, जाणीव हिरावलेला अशा अर्थाने. इतक्या वळणांनी जमत गेलेले अर्थ दुसऱ्या कुठल्याही भाषेत एकाच शब्दात गोळा होणं शक्यच नाही. फोटोचंच बघ. इंग्रज तो ‘टेक’ करतो, जर्मन माणूस ‘करतो’, हिंदीभाषक ‘खींचता है’ म्हणतो. स्पॅनिश बोलणारा मात्र ‘साकार’ म्हणतो, म्हणजे काढतो, थेट आपल्यासारखाच. जपानीत ‘तोरु’ हा एकच उच्चार इंग्रजी ‘टेक’च्या बराच जवळ जातो, पण लिहिताना फोटोसाठी एक चिन्ह आणि मासा पकडण्यासाठी दुसरं. कानाला एक असलेली क्रिया त्यांनी डोळ्यांसाठी वेगळी ठेवली.

म्हणून क्रियापदाचं भाषांतर करायला बसूच नकोस. आधी नाम बघ. मराठी नाम आपलं क्रियापद बरोबर घेऊन येतं. नेम धरतात, धीर धरतात, रोप मूळ धरतं. रजा, टिपणं, डुलकी काढतात. फेरफटका मारतात. शपथ, निरोप घेतात. इंग्रजीत या सगळ्यांना ‘टेक’ चालतं. आणि मुलगी हुबेहूब आईसारखी निघाली की ती आईवर जाते. तिथे तर घेण्याचा संबंधच उरत नाही.

ओबडधोबड वाक्याची मला तितकीशी चिंता नाही, वाचणारा ते कसंबसं सुधारून वाचतो. खरी भीती वाटते ती शुद्ध दिसणाऱ्या चुकीच्या वाक्याची. ‘तिने परीक्षा घेतली’ हे उत्तम मराठी आहे, पण त्यात विद्यार्थिनीची बाई होते. आपल्याकडे विद्यार्थी परीक्षा देतो, शिक्षक घेतो. इंग्रजीत दिशा उलटी आहे. तुझ्या पुस्तिकेत असंच एक वाक्य आलंय: ‘रक्त घेण्याआधी ही गोळी घेऊ नये.’ हे मी तीनदा वाचलं. तपासणीसाठी रुग्णाचं रक्त काढणार आहेत, की रुग्णाला बाटलीतून रक्त चढवणार आहेत? मराठीत ‘रक्त घेणे’ दोन्हीकडे चालतं. मूळ वाक्य तपासणीचं होतं. तिथे ‘तपासणीसाठी रक्त काढण्याआधी’ असं लिही, एक शब्द वाढला तरी चालेल. कोण करतंय, कोणाकडून कोणाकडे काय जातंय, हे मनाशी पक्कं झाल्याशिवाय पुढच्या वाक्याला हात लावू नकोस.

‘अन्नासोबत घ्या’च्या जागी ‘जेवताना किंवा जेवल्याबरोबर घ्या’ हवं, ‘रिकाम्या पोटावर’च्या जागी ‘उपाशीपोटी’. ‘पट्टी ओली न करण्याची काळजी घ्या’ हे वाक्य ‘पट्टीला पाणी लागू देऊ नका’ इतकं सोपं होतं.

उलट बाजूनेही एकदा विचार कर. आपल्या ‘लागणे’ला इंग्रजीत काय म्हणशील? भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, निकाल लागतो, लग्न लागतं, फोन लागत नाही, आमटी गोड लागते, तो माझा मामा लागतो, ती रडू लागते. यातल्या प्रत्येक वाक्याला इंग्रज वेगळी वाट शोधेल, आणि एकच शब्द धरून बसला तर त्याचं भाषांतर आपल्याला पहिल्या ओळीलाच खोटं वाटेल. तुझं ‘घेणे’ वाचताना मला तेच वाटलं.

याचा अर्थ ‘घेणे’ला घाबर असा मुळीच घेऊ नकोस. निर्णय घेणे, भाग घेणे, पुढाकार घेणे आज कोणाच्याही कानाला खुपत नाही. ते बदलून ‘निर्णय करा’ लिहिलंस तर वाचक उगाच थबकेल. भाषेने जे पचवलंय ते वापर. जे अजून कोणी बोलत नाही ते छापील पुस्तिकेच्या आडून आत आणू नकोस.

शब्दकोश वापर, पण उलटा. इंग्रजी-मराठी कोश ‘टेक’खाली शब्दांची लांब यादी देईल, त्यातला कोणता तुझ्या नामाला चालतो ते सांगेलच असं नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. त्यात ‘काढणे’, ‘धरणे’, ‘लागणे’, ‘बसणे’, ‘मारणे’ या नोंदी सावकाश वाच, रोज एक. आपल्याच क्रियापदांचा पसारा एकदा डोळ्यांखालून गेला की लिहिताना नेमकं क्रियापद आपसूक सुचू लागतं. ही सवय मला फार मोलाची वाटते. जे चांगले अनुवादक मला भेटले, त्यांचा इंग्रजी शब्दसंग्रह माझ्याहून फार मोठा होता असं नाही; मराठी क्रियापदं मात्र त्यांच्या जिभेवर होती.

पुस्तिका छापायला देण्याआधी एक काम नक्की कर. इंग्रजी न येणाऱ्या एखाद्या बाईला ती मोठ्याने वाचून दाखव आणि कोणती गोळी कधी घ्यायची, रक्त कधी काढणार, पट्टी कशी सांभाळायची हे तिला तिच्या शब्दांत परत सांगायला लाव. ती जिथे अडखळेल ती वाक्यं पुन्हा लिही, आणि सुधारलेली पानं मला पाठव.

तुझी,
मावशी