चावणं हेही शिकवावं लागतं

चार वर्षांचं लेकरू. दाढा आल्यात, पण खातं फक्त मिक्सरमधला वरण-भात, तोही आईच्याच हातून, मोबाईल समोर असेल तरच. भाकरीचा तुकडा तोंडात गेला की ओकारी काढतं. घरचे म्हणतात, "तूच लाडावून ठेवलंय." लेकराला दुसरं कोणी भरवू शकत नाही, म्हणून आईची कापूस वेचणी बुडते, गटाची बैठकही चुकते. अशी एखादी आई तुमच्या गटात असेल.

लेकराला स्वमग्नता म्हणजे ऑटिझम असेल, तर हा हट्ट नसतो. अशा बऱ्याच मुलांना अन्नाचा वास, खरखरीतपणा फार जोरात जाणवतो. जिभेनं घास दाढेकडे ढकलणंही काहींना जमत नाही. लाडानं स्वमग्नता होत नाही. आणि बळजबरीनं कोंबलं तर जेवणाचीच भीती बसते. म्हणून एकेक पायरी चढायची.

१. बसणं : पाठ ताठ, पाय टेकलेले. रोज तीच जागा, तीच वेळ. पहिले दोन घास मोबाईलशिवाय, मग हळूहळू वाढवा.

२. घट्टपणा : मिक्सरऐवजी चमच्यानं घोटलेलं, मग हातानं कुस्करलेलं. एका वेळी एकच बदल. तो अंगवळणी पडला की पुढचा.

३. दाढेवर घास : बोटानं चिरडेल इतकं मऊ उकडलेलं गाजर किंवा बटाटा, बोटासारखा लांब कापा. एक टोक आपण धरून दुसरं गालाच्या बाजूनं दाढेवर ठेवा. समोर बसून आपणही चावून दाखवा.

४. आपल्या हातानं : मागे बसून लेकराच्या हातावर आपला हात ठेवा. घास उचलायला मदत करा, तोंडात घालणं त्याचं त्याला करू द्या. जमलं की आपला हात मनगटावर, मग कोपरावर न्या. सांडलं तर रागवू नका.

५. नवा पदार्थ : आवडत्या जेवणाशेजारी चिमूटभर ठेवा. बघणं, हात लावणं, हुंगणं, चाटणं, हीसुद्धा प्रगतीच. दहा-पंधरा वेळा ठेवावं लागेल. वरणात लपवून देऊ नका, कळलं तर वरणही सोडेल.

सावध राहा : शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, बोरं, बियांसकट सीताफळ देऊ नका. खोकला आला तर लेकराला खोकू द्या. आवाजच बंद झाला, ओठ निळे पडले, तर पुढे वाकवून पाठीवर तळहातानं पाच जोरदार थापा मारा आणि १०८ ला फोन करायला सांगा.

घासागणिक ठसका लागत असेल, वजन घटत असेल किंवा छाती सारखी भरत असेल, तर घरचे उपाय थांबवून डॉक्टरांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणी करतं. सेविकाताईंकडे लेकराचं नाव द्या. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात स्वमग्नता आहे, त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्रासाठीही अर्ज करता येतो.

गटानं काय करावं? एका मैत्रिणीनं आठवड्यातून दोनदा त्या लेकराशेजारी बसून जेवावं. भरवायचं नाही, नुसतं सोबत जेवायचं. माणूस ओळखीचं झालं की एक दिवस तिच्यासमोरही लेकरू घास उचलेल. त्या दिवशी आईला वेचणीला जाता येईल.