कासदाह आणि गोठ्यातील सवयी

गाईची कास सुजून दगडासारखी घट्ट होते, दुधात गाठी येतात. या विकारास शेतकरी ‘दगडी’ म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव कासदाह. तो बहुधा जंतूंमुळे होतो. पण जंतूंना कासेत शिरण्याची वाट मिळते ती पुष्कळदा आपल्याच सवयींमुळे.

सडाच्या टोकाशी एक अरुंद नलिका असते. तिच्याभोवतीचा वर्तुळाकार स्नायू एरवी ती आवळून धरतो. धार काढल्यावर ती पूर्ववत् मिटण्यास अर्धा ते एक तास लागतो. तेवढ्यात गाय शेणामुतात बसली, तर जंतूंना दार उघडेच सापडते. म्हणून धार काढल्याबरोबर वैरण टाकावी, म्हणजे गाय उभी राहते.

आता दाबाचा विचार करू. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. अंगठा मुडपून धार काढली, तर सारे बल अंगठ्याच्या सांध्याखालील लहानशा जागेवर येते आणि सडास आतून इजा होते. पूर्ण मुठीने काढल्यास तेच बल पसरते व दाब कमी होतो.

जंतूंचे मुख्य गट दोन. स्टॅफिलोकोकस ऑरियससारखे जंतू रोगी कासेत राहतात आणि हात, फडके किंवा यंत्राचे पेले यांवरून दुसऱ्या गाईकडे जातात. ई. कोलायसारखे जंतू शेणात व ओल्या जमिनीत असतात.

या भेदाचे महत्त्व इंग्लंडमध्ये दिसून आले. रेडिंगजवळील राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्थेत १९६०च्या दशकात झालेल्या प्रयोगांतून पाच उपाय पुढे आले: धार काढल्यावर सड जंतुनाशकात बुडविणे, गाय आटविताना सडात औषध सोडणे, आजारी गाईवर त्वरित उपचार करणे, वारंवार आजारी पडणारी गाय कळपातून काढणे आणि यंत्राची नियमित तपासणी करणे. यांमुळे पहिल्या गटाचे जंतू बरेच आटोक्यात आले, ई. कोलायवर मात्र फारसा परिणाम झाला नाही. कारण उघड आहे. त्याचे घर दुसरी गाय नसून जमीन आहे. त्याच्यावर मुख्य उपाय: स्वच्छ, कोरडा गोठा.

पुष्कळदा कासदाह वरून दिसतच नाही. दूध मात्र घटत जाते. तो ओळखण्यासाठी कपडे धुण्याच्या पावडरीचे ३ टक्के द्रावण करा. प्रत्येक सडाचे थोडे दूध वेगळ्या वाटीत घेऊन त्यात तेवढेच द्रावण घाला व हलवा. रोगी कासेच्या दुधात पांढऱ्या पेशी फार असतात. पावडरीने त्या फुटतात, त्यांतील डीएनए बाहेर येते आणि मिश्रण चिकट, घट्ट होते. असे झाल्यास पशुवैद्यास बोलवावे आणि त्या गाईची धार सर्वांत शेवटी काढावी. तपासलेले दूध टाकून द्यावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या ओळखीच्या गोठ्यात वैरण धारेच्या आधी टाकतात की नंतर? पाहून या, आणि नंतर का टाकावी ते तेथे समजावून सांगा.