डोसिंग पंपाच्या सक्शनचा हिशेब

अकोले तालुक्यातल्या नळयोजनांवर क्लोरीनचे डोसिंग पंप बसवता-दुरुस्त करता जे पदरी पडलं, ते असं.

1. हिशेबाची सुरुवात गावाच्या उंचीपासून करावी. सक्शनला बळ मिळतं ते हवेच्या दाबाचं. समुद्रकाठी तो 10.33 मीटर पाण्याइतका असतो. अकोले साडेपाचशे मीटरच्या वर, तिथे 9.7 च्या आत. भंडारदऱ्याकडे साडेनऊच्याही खाली.

2. टाकी आणि पंपातली उंची सगळेच मोजतात. नळी मात्र कुणी मोजत नाही, आणि खरा खर्च तिथेच होतो. प्रत्येक स्ट्रोकला नळीतलं थांबलेलं पाणी नव्याने हलवावं लागतं. ताशी 100 लिटरचा, मिनिटाला 100 स्ट्रोकचा एका प्लंजरचा पंप घ्या. सक्शनची नळी 3 मीटर, आतून 12 मिलिमीटर. नुसतं पाणी हलवण्यात सुमारे अडीच मीटर जातात. तीच नळी 6 मिलिमीटरची घेतली तर जवळजवळ दहा! हवेकडे तेवढे आहेतच कुठे? मग पंप कितीही महागाचा असो, डोस पडत नाही. व्यास दुप्पट केला की हा खर्च पाव होतो, लांबी निम्मी केली की निम्मा. भिंतीवर सोयीची जागा दिसली म्हणून पंप लांब टांगू नका, टाकीला खेटून बसवा.

3. घर्षण काढताना सरासरी प्रवाह धरू नये. ऐन भरात तो 3.14 पट असतो. पण घर्षण स्ट्रोकच्या मध्यावर जास्तीत जास्त, आणि पाणी हलवण्याचा खर्च सुरुवातीला. दोन्हींची बेरीज नको, मोठा आकडा घ्यावा.

4. द्रावण 40 अंशांवर गेलं की वाफेचा दाबच पाऊण मीटर खातो. सोडियम हायपोक्लोराइटमधून त्यात ऑक्सिजनचे बुडबुडे सुटतात आणि पंप हवा धरतो. टाकी सावलीतच हवी.

5. टीसीएलचं (ब्लीचिंग पावडरचं) द्रावण निवळू द्यावं, फूट व्हॉल्व्ह तळापासून वीतभर वर.

6. टाकी पंपाच्या वर ठेवली की सक्शनच्या बहुतेक अडचणी मिटतात. पण आपली गावं उतारावरची. डोसची जागा टाकीच्या खाली असली, तर पंप बंद असतानाही द्रावण सायफनने वाहत राहतं. तिथे अँटी-सायफन व्हॉल्व्ह लावाच. योजनेचं पाणी लेकरं पितात. शेवटच्या नळाला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. पण ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीत फिकट पिवळ्याऐवजी नारिंगी रंग आला, म्हणजे क्लोरीन जास्त झाला, तर मी आधी हाच व्हॉल्व्ह खोलतो.