मालमोटारीचे मोठे ब्रेक आणि चाकातील जागा

धावत्या मालमोटारीच्या ठिकाणी असलेली ऊर्जा ब्रेक लावताच कोठे जाते? पेडलवर पाय दाबला म्हणजे शूंवर बसविलेले लायनर फिरत्या बिडाच्या ड्रमला आतून घासू लागतात. या घर्षणाने गाडीची गतिज ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. ती उष्णता प्रथम ड्रमात साठते व मागाहून वाऱ्यावर निघून जाते.

एकूण १६ टन वजनाची मालमोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असता तिची गतिज ऊर्जा सुमारे २२ लाख जूल भरते. हीच गाडी ५०० मीटर उंचीचा घाट एकाच वेगाने उतरली, तर सुमारे ७ कोटी ८० लाख जूल ऊर्जेची विल्हेवाट लावावी लागते. म्हणजे एकदा थांबण्याच्या सुमारे पस्तीस पट! हवेचा व रस्त्याचा विरोध आणि इंजिन यांनी घेतलेला वाटा सोडला, तर उरलेला सर्व भार ब्रेकवर पडतो.

तापलेला ड्रम प्रसरण पावतो. ४१० मिलिमीटर व्यासाच्या ड्रमाचे तापमान ३०० अंश सेल्सिअसने वाढले, तर त्याचा व्यास सव्वा मिलिमीटरहून अधिक वाढतो. शू त्याच्यापर्यंत पोहोचण्यास अधिक अंतर चालतात. शिवाय अति तापलेल्या लायनरचे घर्षणही घटते. अशा वेळी पेडल दाबूनही गाडी आवरत नाही.

यावर मोठा ब्रेक हा उपाय सुचतो. ड्रमाचा व्यास वाढविला, तर तेवढ्याच दाबात चाकाला रोखणारे परिबल वाढते. लोखंड अधिक असल्याने उष्णताही अधिक मावते. परंतु चाक मूळचेच ठेवावयाचे असेल, तर जागा आडवी येते. २० इंची रिमचा नाममात्र व्यास ५०८ मिलिमीटर असतो. हा व्यास टायर जेथे बसतो तेथला होय. आतील मोकळी जागा त्याहून कमी असते. त्यातही ड्रमाभोवती हवा खेळती राहावी लागते. फट फार अरुंद झाली, तर उष्णता रिममधून टायरच्या कडेपर्यंत जाते व रबर दुबळे होते.

म्हणून पुष्कळदा व्यास तोच ठेवून ड्रम व लायनर रुंद केले जातात. दाब तोच असता केवळ रुंदीने घर्षणबल वाढत नाही; पण उष्णता मोठ्या पृष्ठभागावर वाटली जाते आणि लायनर सावकाश झिजतात.

मोठ्या ब्रेकने गाडी कमी अंतरात थांबेलच असे नाही. टायरची रस्त्यावरील पकड ही अखेरची मर्यादा होय. जुन्या ब्रेकनेच चाके जखडत असतील, तर अधिक बलाचा उपयोग नाही. केवळ मागील ब्रेक बलवान केले, तर मागील चाके आधी जखडून गाडीचा मागचा भाग बाजूस फेकला जाण्याचा धोका असतो. म्हणून पुढील व मागील ब्रेकचा समतोल राखावा लागतो. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांहून भिन्न होतील असा बदल करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नेही मर्यादा घातल्या आहेत.

ड्रम कितीही मोठा असला, तरी लांब उतारावर तो केव्हा ना केव्हा तापतोच. यास्तव घाट सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर घालावा, म्हणजे वेग आवरण्याचे बरेचसे काम इंजिन करते आणि अडचणीच्या क्षणी ब्रेक थंड व समर्थ राहतो.